ओल्या सोवळ्यातल्या माणिककाकू

परिवर्तन चौक मागे पडला तरी माणिककाकू रिक्षा करू देईनात. ई-रिक्षावाले कडेला येऊन "महानगर, कपूरथला, आइए अम्मा" करत होते आणि काकू हातानेच त्यांना पुढे घालवत होत्या.

"काकू, ऊन आहे. अजून पूल यायचाय. बसू या ना," नीलम म्हणाली.

"तू बस. मी येते मागून."

"तुम्हाला टाकून मी कशी बसेन?"

"मग चल गुमान." काकूंनी पदर डोक्यावर ओढला. "त्या रिक्षात माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतात. कुणाच्या लेकीसुना असतात, त्यांच्या मांडीवर लेकरं असतात. मी नाही बसायची."

"डॉक्टरीणबाईंनी असं सांगितलं नाही. टॉवेल, कपडे आणि उघड्या अंगाला अंग, एवढंच म्हणाल्या त्या."

"तिला काय ठाऊक, ती गाडीतून फिरत असेल. लखनौची रिक्षा बघितली नसेल तिनं."

एरवी नीलम हसली असती. काकू पाय फाकवून, जपून, एकेक पाऊल टाकत होत्या आणि ते तिला बघवत नव्हतं. मांड्यांना मांड्या घासत असणार. आश्विन सरत आला होता, तरी हवेत ओल होती आणि ऊन अंगाला चिकटत होतं. पिशवीत नवं मलम, गोळ्या आणि डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद होता. त्या तिन्हींपेक्षा जड असं एक वाक्य काकू मनात घेऊन चालल्या होत्या, आणि थोड्या वेळाने ते त्यांनी उघडच विचारलं.

"पौषापर्यंत होईल का गं बरं?"

पौषात अमृताचे दिवस भरत होते. अमृता ही काकूंची एकुलती एक लेक, नाशिकला असते. लग्नाला इतकी वर्षं झाली की विचारणारेही विचारायचे थांबले होते, आणि आता तिला दिवस राहिले होते. दर फोनला ती म्हणायची, "आई, बाळाला आंघोळ तूच घालायची. मी बाई नाही लावणार." काकू फोन ठेवून देवापुढे साखर ठेवायच्या.

लखनौतल्या मराठी घरांत कुणाला मूल झालं की माणिककाकू जाणार, हे ठरलेलंच. त्यांचे यजमान सदाशिवराव रेल्वेत इंजिनियर होते. बदली होऊन इथे आले, मग परत जाऊ परत जाऊ म्हणता म्हणता निवृत्त झाले आणि महानगर भागातल्या भाड्याच्या घरातच वारले. काकू मागे राहिल्या. त्यांचं माहेर परभणीकडचं. न्हाऊ घालायची विद्या सासूकडून आलेली. इथे येतात ती नोकरीवाल्यांची, फौजेतल्यांची तरुण जोडपी. ना आई जवळ, ना सासू. दवाखान्यातून बाळ घरी आणलं की त्या पोरींना धरायचं कसं तेही कळत नाही. मग कुणीतरी सांगतं, माणिककाकूंना बोलवा.

काकू यायच्या, लुगडं मांडीपर्यंत खोचून पाटावर बसायच्या, दोन्ही पाय लांब सोडायच्या आणि उघड्या पायांवर बाळाला पालथं घालायच्या. तेल जिरवायचं, डाळीचं पीठ लावायचं, आणि मग कोपराने पाहिलेलं कढत पाणी पाठीवर सोडायचं. रडून लाल झालेलं बाळ त्या पाण्याखाली एकदम गप्प व्हायचं. त्या क्षणी काकूंचा चेहरा असा दिसायचा की नीलमला देवळातल्या दिव्याची आठवण यायची. तिच्या मुलाला, निनादला, त्यांनीच न्हाऊ घातलं होतं. आता तो सहावीत आहे, मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतो. काकू त्याला चारचौघांत सुनावतात, "मला शिकवू नको रे, तुझं ढुंगण मी धुतलंय." तो वैतागतो, "दादी, सबके सामने मत बोला करो ना." कुणाकडून त्यांनी कधी काही घेतलं नाही. बारशाला नारळ दिला तर घ्यायच्या.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते इतकंच, की त्या पाण्याने काकूंचं लुगडं रोज कमरेपासून भिजायचं. तसंच ओलं लुगडं घेऊन त्या घरी यायच्या. मग स्वतःची आंघोळ, आणि पुन्हा ओलेतं. काकूंच्या सासरी देवपूजा ओलेत्यानेच करायची. सोवळ्याचं लुगडं पाण्यात बुचकळायचं, पिळायचं, तसंच नेसायचं. पूजा, नैवेद्य, पोथीचा अध्याय होईपर्यंत ते अंगावरच वाळायचं. सोवळ्याला दुसऱ्याचा हात लागायचा नाही, म्हणून ते गच्चीत नाही, तर आतल्या खोलीत छताखालच्या दांडीवर काठीने टाकायचं. तिथे ऊन कधी पोचत नाही. लखनौच्या पावसाळ्यात तिथे भिंतीलाही बुरशी येते.

खाज उठली ती कमरेला, निऱ्यांच्या खाली. मग जांघेत, मग मांड्यांवर. अशी जागा, की सांगायची कुणाला? काकू घराजवळच्या कपूरथला भागातल्या औषधाच्या दुकानात गेल्या. तिथल्या भैयाला त्या जागा बोलल्या नाहीत, नुसतं "खुजली का कुछ दे दो" म्हणाल्या. त्याने न विचारता एक ट्यूब दिली. दोन रात्रींत खाज गेली. काकूंना वाटलं, देव पावला. मलम बंद केलं आणि महिनाभरात दुप्पट उठलं. पुन्हा तीच ट्यूब. असं करता करता दोन वर्षं निघून गेली. त्यातही सकाळी पूजेआधी मलमाचा हात नको म्हणून फक्त रात्री, आणि श्रावणात, नवरात्रात तेही नाही.

ह्या अष्टमीला मराठी मंडळाच्या भजनाला काकू जमिनीवर बसू शकल्या नाहीत. खांबाला टेकून उभ्याच होत्या. निघताना नीलमला त्यांच्या लुगड्यावर रक्ताचे ठिपके दिसले. तेव्हा कुठे तिने हात धरून विचारलं, आणि ओपीडीला आणायला पुढे कितीतरी दिवस लागले.

आज तपासणीच्या पडद्यामागे काकूंनी तिचा हात सोडला नाही, म्हणून तीही आत गेली, आणि तिने पाहिलं. एका वर्तुळात दुसरं वर्तुळ, त्यात तिसरं, कमरेपासून गुडघ्याच्या वीतभर वरपर्यंत. मधली कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ झालेली. खालच्या निळ्या शिरा दिसत होत्या, आणि पोटुशीच्या पोटावर उमटतात तसे चिरे मांडीवर उमटले होते. नीलमने मान वळवली आणि मग वळवल्याची लाज वाटून पुन्हा पाहिलं.

"अम्मा, क्या लगा रही थीं?" डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या.

काकूंनी पिशवीतून ट्यूब काढली. शेपटीकडून गुंडाळत आणलेली, शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेली.

"ये किसने लिखी?"

"लिखी किसीने नहीं. दुकान के भैया ने दी."

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब उलटसुलट करून वाचली. मग समजावून सांगितलं. ह्यात तीन औषधं एकत्र आहेत आणि त्यातलं एक जोरदार स्टिरॉइड. "ये खुजली को सुलाता है, अम्मा, और फंगस को पालता है. ऊपर से चमड़ी को खा जाता है. ये बिना पर्चे के मिलनी ही नहीं चाहिए थी."

मग नव्या मलमाचं सांगणं झालं. ह्यात स्टिरॉइड नाही. अंग पूर्ण कोरडं करून, पातळ लावायचं, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जास्त. नंतर हात धुवायचे. गोळ्या जेवणावर. कपडे वेगळे, गरम पाण्यात, आणि वाळत घालायचे ते उन्हात. जुनी ट्यूब सोडल्यावर काही दिवस लाली आणि खाज उसळेल, तेव्हा घाबरून तिच्याकडे परत जायचं नाही. आणि चट्टे दिसेनासे झाले तरी आपल्या मनाने थांबवायचं नाही. "बंद कब करना है, वो मैं देखकर बताऊँगी. खुजली गई मतलब बीमारी गई, ऐसा नहीं है."

"पूजा का कपड़ा भी धूप में?" काकूंनी विचारलं.

"वो भी. और गीला पहनना बंद. भगवान सूखे कपड़े में भी पहचान लेंगे आपको."

मग काकूंनी लेकरांना पायांवर घेण्याचं विचारलं. डॉक्टरीणबाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नंगी टाँगों पर बच्चा? मैं जब तक न कहूँ, बिलकुल नहीं. महीनों लग सकते हैं." आणि पडद्याबाहेर येता येता काकूंनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की कुणी ही ट्यूब बाळाला लावली तर. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "किसके बच्चे को?" "ऐसेही पूछा." "लगाई हो तो आज ही बच्चों के डॉक्टर को दिखाइए. ट्यूब साथ लेकर."

तेव्हा नीलमने त्या प्रश्नाकडे लक्ष दिलं नव्हतं. हनुमान सेतूपाशी आल्यावर तिला तो आठवला, कारण काकू देवळासमोर थांबल्या आणि आत जाईनात.

मंगळवार नव्हता, गर्दी बेताची होती. नीलमने चपला काढायला घेतल्या.

"तू जाऊन ये," काकू म्हणाल्या. "मी इथूनच."

"का बरं?"

"आज नको."

"अंगावर दुखणं असलं म्हणून देव लांब बसवतो का?"

"दुखण्याचं नाही गं." काकूंनी कठड्याला हात टेकला. खाली गोमतीचं पाणी हललं की नाही तेही कळत नव्हतं. "श्रुतीच्या लेकराला मीच दिली ती ट्यूब."

श्रुती ही जयसिंगची बायको. तो हवाई दलात आहे, बख्शी का तालाबच्या तळावर. ती कोल्हापूरकडची, पहिलंच बाळंतपण. तिची आई आजारी म्हणून येऊ शकली नव्हती. काकू श्रावणापासून दोन बस बदलून तिथे जात होत्या.

"तिच्या पोरीच्या पोटावर वर्तुळ उठलं," काकू सांगू लागल्या. "मी पालथी घालते ना तिला पायांवर, तिथंच. श्रुती घाबरली. मी म्हटलं, अगं गजकर्ण आहे, दोन दिवसांत जातं. माझ्याकडची ट्यूब दिली. लंगोटाच्या आतही उठलं होतं, तिथंही लाव म्हटलं."

"तुम्हाला ठाऊक होतं? तुमच्याकडूनच लागलं ते?"

काकू पाण्याकडेच बघत राहिल्या. "आपल्याकडून लागलं असेल असं माणूस स्वतःला म्हणतं का गं? मी म्हटलं, पावडरीनं झालं असेल. बाजारचा लंगोट असेल. सगळं म्हटलं." त्या पुढे म्हणाल्या, "अष्टमीपासून मला बसवेना म्हणून मी तिकडे गेले नाही. परवा श्रुतीचा फोन आला होता. गेलं होतं ते परत आलंय, मोठं होऊन. ती म्हणाली, काकू तुमची ट्यूब संपली, नवी आणू का. मी म्हटलं, आण."

नीलमला राग आला. तरी तिने आपल्या परीने वाट काढली. "मी करते फोन. म्हणते, मोबाइलवर आलंय, अशी मलमं लहान मुलांना वाईट असतात, ताबडतोब डॉक्टरला दाखव. तुमचं नाव निघायला नको."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत क्षणभर 'हो' होतं. नीलमने ते स्पष्ट पाहिलं, आणि पुढे पुष्कळ दिवस तिला ते आठवत राहिलं.

"मोबाइलवर काय, रोज काहीबाही येतं," काकू म्हणाल्या. "लसूण खा, कान दाबा. ती म्हणेल, काकूंनी दिलंय, काकूंना जास्त कळतं. लाव मला. मी बोलते."

नीलमने नंबर लावून दिला. रस्त्यावरच्या गोंगाटामुळे काकूंनी स्पीकर चालू करायला सांगितलं.

"काकू, बोला. उद्यापासून येणार का?" श्रुतीचा आवाज.

"श्रुती, आधी ऐक. ते मलम लेकराला लावू नकोस. आता घरी जयसिंग आहे का?"

"आहेत ना. का हो?"

"दोघं मिळून आजच्या आज लहान मुलांच्या डॉक्टरकडे जा. ट्यूब बरोबर ने, रिकामी असली तरी ने. किती दिवस लावलं, कुठे लावलं, सगळं सांग. आपल्या मनानं दुसरं काही लावू नकोस."

"काकू, मला कळत नाहीये. तुम्हीच तर..."

"मीच दिलं. मला ते अंगावर आहे, दोन वर्षांपासून. मांड्यांना. आज डॉक्टरनं सांगितलं. तुझ्या लेकराला माझ्याकडून लागलं."

पलीकडे बाळ कुरकुरत होतं. मग श्रुती अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला होतं, आणि तुम्ही रोज तिला पायांवर घेत होतात?"

"हो."

"मी तुम्हाला रोज विचारायची. काकू, हे कशानं झालं असेल."

"हो. विचारायचीस."

मागून जयसिंगचा आवाज आला, "कुणाचा फोन आहे? काय झालं?" श्रुती त्याला काही बोलली. मग पुन्हा फोनवर आली. तिच्या आवाजातलं लेकीसारखं आपलेपण सगळं गेलं होतं. "काकू, तुम्ही आता येऊ नका."

"नाही येत. पण जा आजच. तुमचेही कपडे, टॉवेल..."

फोन बंद झाला होता. काकूंनी तो नीलमला परत दिला आणि हात पदराला पुसले, जणू फोनलाही काही लागलं असेल. नीलमने रस्त्यावरूनच हात जोडले. काय मागावं ते तिला सुचेना. त्या बाळाचं नाव घेतलं आणि ती पुढे निघाली.

विद्यापीठाच्या भिंतीकडेने दोघी चालू लागल्या. आयटी चौराह्यावर काकूंनी टपरीवरून पाण्याची बाटली घेतली, पण पाणी तोंडात वरून ओतलं. "बाटलीला तोंड लावलं तर काही होत नाही हो," नीलम म्हणाली. काकू म्हणाल्या, "असू दे. सवय लागू दे."

"संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल," त्या पुढे म्हणाल्या. "कळलंच पाहिजे. ह्या दोन वर्षांत जिथं जिथं गेले, त्या सगळ्यांना मी उद्या फोन करते. कुणाच्या घरात उठलं असेल अन् दुकानातून आणून चोळत बसले असतील."

"मी बसते तुमच्याजवळ."

"ये. फोन लावून दे. शिव्या मी खाते."

कपूरथल्याच्या वळणाला ते औषधाचं दुकान होतं. काउंटरवर गर्दी होती. एक म्हातारा बोटाने मान दाखवून काहीतरी मागत होता आणि भैया न बघताच मागच्या फळीवरून ट्यूब काढत होता. काकू उभ्या राहिल्या. नीलमला वाटलं, आता भांडतात. पण त्या म्हाताऱ्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "भाईसाहब, पहले डॉक्टर को दिखाओ. मेरी चमड़ी ये खाके बैठी है." म्हाताऱ्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, ट्यूब खिशात घातली आणि निघून गेला. भैया म्हणाला, "क्या अम्मा, धंधे के टाइम पे." काकू पुढे चालू लागल्या.

महानगरातल्या त्यांच्या गल्लीत शिरल्यावर त्यांची चाल आणखी मंद झाली. जिन्यापाशी आल्या तर वर चढेनात. पहिल्या पायरीशी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"अमृताला मी काय सांगणार, ते विचारत नाहीस?"

"काय सांगणार?"

"सांगेन की येते. आज रात्री तिचा फोन येईल आणि मी सांगेन, येते." काकूंना धाप लागली होती. "माझं मला ठाऊक आहे ना. खाज थांबली की मी म्हणते, गेलं. दोन वर्षं हेच केलं. आता ह्या नव्या मलमानंही थांबेल कधीतरी. मार्गशीर्षात थांबली तर मी पेटी भरेन. डॉक्टरीणबाईंना दाखवायला जायची नाही. गेले तरी म्हणेन, कुछ नहीं है, सब ठीक. लेकराच्या ओढीनं मी खोटं बोलेन, नीलम. आज श्रुतीशी खरं बोलले ते तिचं लेकरू होतं म्हणून. आपलं नातवंड पायांवर घ्यायचं असलं की मी खरी राहीन असं मला वाटत नाही."

"असं कसं म्हणता काकू."

"मांडीच्या मागचं मला दिसत नाही. आरशात वाकून बघता येत नाही. घरात दुसरं माणूस नाही. हे होते तेव्हासुद्धा मी कधी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. चेहरा लाल झाला होता, उन्हाने की कशाने ते कळत नव्हतं. आयुष्यभर पदर न ढळू दिलेली ती बाई जिन्याच्या अंधारात भिंतीकडे तोंड करून बोलू लागली.

"दर शनिवारी येशील? दार लावून घे, दिवा लाव, आणि माझं लुगडं वर करून नीट बघ. मी नको म्हटलं तरी बघ. रडले, चिडले, देवाच्या शपथा घातल्या, तरी माझ्या तोंडाकडे बघून बोलू नकोस. तिथं बघ. आणि असेल तर आहे म्हण, अन् मला नाशिकच्या गाडीत बसू देऊ नकोस."